परदेशगमन आणि मनातला किंतु

सुरतेहून तापीच्या काठाकाठाने वर निघाले, की कामरेज लागते. एकोणिसाव्या शतकात हे गाव बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील एका तालुक्याचे ठिकाण होते. म्हणजे तेथील वसुलीचे कागद मराठी राजाच्या दप्तरात जमा होत. गावाची थोरवी मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. चालुक्यांच्या ताम्रपटांत 'कार्मणेय' या नावाने त्याचा उल्लेख येतो, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दीने आपल्या मार्गदर्शिकेत 'कम्मोनी' म्हणून जे गाव नोंदले आहे ते हेच असावे, असे काही संशोधक मानतात. तापीच्या मुखातून शतकानुशतके गलबते बाहेर पडली. हजचे यात्रेकरू येथून निघाले. नवरोजी रुस्तमजी हा सुरतेचा पारशी गृहस्थ १७२४ च्या सुमारास कंपनी सरकारविरुद्ध दाद मागण्यासाठी थेट लंडनला जाऊन पोहोचला. समुद्र हे या मुलुखाचे अंगण होते.

आणि तरीही १८६० मध्ये सुरतेत जन्मलेले महीपतराम रूपराम हे नागर ब्राह्मण शिक्षणपद्धतीच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले, तेव्हा जातीने त्यांना बहिष्कृत केले. ज्या बंदरातून मालाची गलबते बिनदिक्कत जात, त्याच बंदराच्या ब्राह्मणाने स्वतः गलबतावर पाय ठेवला की तो पतित ठरे! माल समुद्रापलीकडे जाऊन बाटत नव्हता, माणूस मात्र बाटत होता. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रगमनाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केलेली आहे, आणि पुढच्या निबंधकारांनी द्विजांच्या सागरप्रवासाला कलिवर्ज्यांच्या यादीत टाकून दिले. शास्त्रार्थ काहीही असो, व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच होता, की परत आलेल्या माणसाच्या पंक्तीला कोणी बसत नसे, त्याच्या मुलीला स्थळ मिळत नसे, आणि त्याच्या घरी मयत झाले तर खांदा द्यायला माणूस मिळणे कठीण होई.

ही झाली बाहेरची शंका. तिचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु ज्या मराठी माणसांनी ख्रिस्ती धर्माच्या निमित्ताने, मिशनच्या आधाराने, काही काळापुरता परदेशचा प्रवास केला, त्यांच्या मनातील शंका वेगळ्याच जातीच्या होत्या. जातीने टाकलेल्याला जातीचे भय कसले? त्याचा किंतु समुद्राविषयी नव्हे, तर पलीकडच्या किनाऱ्यावर जे दिसेल त्याविषयी असतो.

सुरत हेही याचे एक आरंभस्थान आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, त्या वेळी फादर अँब्रोझ या कापुचिन साधूच्या मठाला त्यांनी हात लावू दिला नाही, असे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने नमूद केले आहे. पुढे १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फाय्वी हे दोघे सुरतेस आले. त्यांनी तेथे छापखाना घातला आणि गुजराती बायबल छापून काढले. हा सारा येणाऱ्यांचा ओघ. उलट दिशेने, म्हणजे इकडून तिकडे, कोणी जावे ही कल्पनाच तेव्हा नवी होती, आणि जाणारा बहुधा पंडित असे. पंडिताला शंका अधिक. अडाण्याला प्रवासाची भीती वाटते, पंडिताला निष्कर्षाची.

नीळकंठशास्त्री गोरे यांच्याइतका शंकेकरू पंडित तर विरळाच. चित्पावन घराणे, १८२५ चा जन्म, बालपण आणि अध्ययन काशीत, न्यायशास्त्रात गती. काशीच्या बाजारात उभे राहून उपदेश करणाऱ्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला वादात चीत करावे म्हणून हा तरुण शास्त्री त्याच्याकडे गेला. वाद मिटला नाही. उलट तोच वाद शास्त्रीबुवांच्या मनात सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. एक पाऊल पुढे टाकावे, घरच्यांचे अश्रू पाहून मागे घ्यावे, पुन्हा ग्रंथ उघडावेत, पुन्हा स्मिथकडे जावे, असे हेलकावे खात १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते 'नेहेम्या' झाले. त्यांच्या या हेलकाव्यांवर स्मिथने पुढे एक पुस्तकच लिहिले. एखाद्याच्या संशयावर ग्रंथ व्हावा, ही गोष्ट फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल.

१८५४ मध्ये त्यांच्यापुढे विलायतेच्या प्रवासाचा प्रश्न उभा राहिला. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग हे आदल्या वर्षी ख्रिस्ती झाले होते आणि आता इंग्लंडला निघाले होते. पंधरा वर्षांच्या त्या मुलाबरोबर एखादा विद्वान हिंदी ख्रिस्ती सोबती असावा म्हणून गोरे यांची निवड झाली. पण त्यांच्या घरची स्थिती काय होती? सप्टेंबर १८५३ मध्ये त्यांना कन्या झाली होती, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. लक्ष्मीबाईंनी पतीबरोबर सारे गणगोत सोडले होते. तेव्हा त्या पोरक्या मुलीला सांभाळायला आजोळ नव्हते, काकू नव्हती, मावशी नव्हती. एलन लक्ष्मी या नावाची ती तान्ही पोर एका नीळवाल्या इंग्रज दांपत्याच्या ओटीत गेली, आणि बाप १८५४ च्या एप्रिलात जहाजावर चढला. ज्या माणसाने एकेका प्रमेयावर वर्षे घालवली, त्याने हा निर्णय काही आठवड्यांत घेतला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. धर्मनिष्ठेचे हे खाते जमेचे म्हणावे की खर्चाचे, याचा निकाल देणे सोपे नाही. त्या पोरीच्या बाजूने पाहिले तर खर्चच अधिक दिसतो.

इंग्लंडमध्ये काय झाले, याची हकीकत ऑक्सफर्डचे संस्कृतज्ञ मॅक्स म्यूलर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. एके दिवशी हा हिंदी पंडित त्यांना भेटावयास आला तो अत्यंत खिन्न मनाने. शुभवर्तमानांत वाचलेला धर्म ज्या देशात नांदतो, तो देश पाहावा म्हणून तो इतक्या दूर आला होता. लंडनमध्ये त्याने वैभव पाहिले, धावपळ पाहिली, प्रार्थनामंदिरे पाहिली. पण पहिल्या ख्रिस्ती मंडळींची जी साधी बंधुता त्याने मनात धरली होती, ती त्याला कोठे आढळली नाही. यालाच ख्रिस्ती धर्म म्हणावयाचे असेल तर आपण परत जावे हेच बरे, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. काशी सोडताना जी शंका त्याला शिवली नव्हती, ती टेम्सच्या काठी येऊन भेटली.

परंतु शास्त्रीबुवांनी धर्म टाकला नाही. ते परत आले, आणि त्यांनी शंकेला सोडचिठ्ठी देण्याऐवजी तिला कामाला लावले. 'षड्दर्शनदर्पण' हा त्यांचा हिंदी ग्रंथ १८६० चा; भारतीय दर्शनांचे इतके जाणते खंडन एखाद्या परकीय पाद्र्याला साधले नसते, हे त्यांच्या विरोधकांनाही मानावे लागेल. १८७० मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढे काउली येथील संन्यस्त ख्रिस्ती संघात उमेदवारीसाठी ते दुसऱ्यांदा इंग्लंडला गेले. पण कायमच्या व्रताची शेवटची पायरी त्यांनी कधी चढली नाही. काठावर थांबणे हा त्यांचा स्वभावच होता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. मुलगी एलन दुसऱ्या एका मिशनरी कुटुंबाबरोबर इंग्लंडला जाऊन वाढली. पुढे ती स्वतः मिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात परत आली. तिची इंग्रजी भक्तिगीते परदेशांतील प्रार्थनामंदिरांत गाइली गेली.

गोरे पुण्यात असताना त्यांच्याकडे एक तरुण विधवा चर्चेला येत असे. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंची पूर्वकथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. तीर्थाटनात बालपण गेले, दुष्काळात आईबाप गेले, कलकत्त्यास 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, १८८० मध्ये भाऊ गेला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. चोविसाव्या वर्षी एक मूल पदरात घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. हिंदी स्त्रियांना स्त्री वैद्यांची निकड आहे, असे त्यांनी त्या साक्षीत सांगितले, आणि जे सांगितले ते आधी आपण करून दाखवावे म्हणून वैद्यक शिकण्याकरिता विलायतेस जाण्याचे मनात घेतले.

पण जावे कसे? एकटी स्त्री, विधवा, अंगावर दोन वर्षांची मनोरमा. पैसा नाही. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून भाड्यापुरती रक्कम उभी राहिली. राहण्याजेवणाची सोय वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या संघाने पत्करली. त्या संघाची एक शाखा पुण्यात काम करीत होती. इथेच मोठा किंतु होता. मिशनच्या अन्नावर राहायचे, आणि धर्म मात्र आपला राखायचा, हे जमेल काय? उपकाराखाली दबलेला माणूस मोकळेपणी 'नाही' म्हणू शकतो काय? रमाबाईंनी यावर जो तोडगा काढला तो त्यांच्या स्वभावाची साक्ष देतो. हिंदुस्थानात येऊ घातलेल्या जोगिणींना आपण मराठी शिकवू, आणि त्या मोबदल्यात तेथे राहू, असा त्यांनी करार केला. दान नको, देवघेव हवी. आपला ख्रिस्ती होण्याचा विचार नाही, असेही त्यांनी निघण्यापूर्वी सांगून टाकले होते.

पुणेकरांना ते पटले नाही. आणि पुणेकरांचा अंदाज चुकीचा होता असेही पुढच्या घटनांवरून म्हणता येत नाही. मात्र त्यांनी जे कारण गृहीत धरले होते ते खरे नव्हते. मिशनचे अन्न पोटात गेले म्हणून रमाबाई बदलल्या नाहीत. अन्नाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगायचे, तर याच पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या एका पेला चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. जेथे चहाच्या पेल्याची ही कथा, तेथे बाईने मिशनच्या आश्रयाने समुद्र ओलांडण्याची काय कथा!

त्याच महिन्यात आणखी एक मराठी बाई समुद्रावर होती. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. रमाबाई २० एप्रिल रोजी मुंबईहून निघाल्या. आनंदीबाईंनी फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे जाहीर व्याख्यान देऊन लोकांच्या एकेका आक्षेपाला उत्तर दिले: का जाता, येथे सोय नाही काय, एकट्या का जाता, जातीने टाकले तर काय कराल? आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांचा निर्धार होता, आणि तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. त्यांच्या प्रवासाचे मूळही एका मिशनऱ्याच्या पत्रव्यवहारातच होते. गोपाळरावांनी कोल्हापूरच्या वाइल्डर यांना लिहिलेले पत्र अमेरिकेतील मिशनच्या मासिकात छापले गेले आणि ते वाचून कार्पेंटरबाईंनी मदतीचा हात पुढे केला. म्हणजे दोघींच्या वाटा मिशनच्या दारावरूनच गेल्या, पण आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी सारे प्रश्न चव्हाट्यावर मांडून निकालात काढले, तर रमाबाईंनी बाहेरच्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि आतला प्रश्न पेटीत घालून बरोबर नेला. बाहेरच्या समाजसुधारणेने त्यांचे समाधान होत नव्हते, वेदांतावरची श्रद्धा ढळली होती, ब्राह्मो समाजाच्या उपदेशात त्यांना आधार सापडत नव्हता. पुढे त्या प्रवासाकडे वळून पाहताना, देवाच्या बोलावण्यावरून अनोळखी देशाला निघालेल्या अब्राहामाशी त्यांनी आपली तुलना केली. लहान मूल आणि एक मैत्रीण घेऊन आपण त्या वेळी निघालो तरी कसे, याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटे.

ती मैत्रीण म्हणजे आनंदीबाई भगत. इतिहासात त्यांना दोनतीन ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही, आणि या सर्व प्रकरणातील सर्वांत दुःखद भाग तोच आहे. दोघी मेच्या मध्याला इंग्लंडात पोहोचल्या. रमाबाईंना वाँटेजच्या वातावरणात शांतता वाटू लागली. भगतबाईंच्या मनात मात्र भयाने घर केले. येथे आपल्याला बळजबरीने बाटवणार, ही समजूत त्यांच्या मनात इतकी घट्ट रुतली की त्यांचा तोल सुटला. मॅक्स म्यूलर यांनी लिहिले आहे, की रमाबाईंची त्या संकटातून सुटका करावी या भ्रमाने त्यांनी एका रात्री मैत्रिणीच्याच जिवावर हात टाकला, आणि तो प्रयत्न फसल्यावर स्वतःच्या जीविताचा अंत करून घेतला. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला म्यूलर यांच्या घरी राहावयास गेल्या तेव्हा त्यांची मनःस्थिती अशी होती, की रोज रात्री त्यांच्या खोलीत एका दासीला निजावयास सांगावे लागे.

बळजबरी झाल्याचा पुरावा नाही. पण बळजबरीच्या भयाने माणूस मरू शकतो, याला मात्र हा पुरावा आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्यांच्या छपराखाली राहणाऱ्या स्त्रीला आपल्या मनातले भय बोलून दाखवायला दुसरे माणूस होते तरी कोण? होती ती एकच, रमाबाई. आणि तीच आता परक्यांकडे झुकताना दिसत होती. निघण्यापूर्वी भगतबाईंच्या शंका कोणी विचारल्या नाहीत. त्या पंडिता नव्हत्या. त्यांच्या होकाराचे व्याख्यान झाले नाही, आणि नकाराची नोंद कोणी ठेवली नाही.

या आघातानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार' काढून रमाबाईंची बाजू उचलून धरली. लोकांना वाटले, आता हिची शंका संपली. वस्तुतः ती आता कोठे सुरू होत होती. गोरे यांच्या पत्रांनी बुद्धीची खात्री पटवली, असे रमाबाई सांगत; पण बुद्धीची खात्री पटली म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. वाँटेजच्या जेराल्डिनबाई आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार म्हणजे एका तार्किकाने चालवलेला कज्जाच आहे. त्रैक्याचे तत्त्व बायबलात आहे कोठे? चर्चचा शब्द आणि देवाचा शब्द एकच कसे? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत? चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. स्वदेशात पुरुषांच्या सभांतून प्रवचन केलेल्या या बाईला ती हरकत हास्यास्पद वाटली असल्यास नवल नाही. एका धर्माधिकाऱ्यांच्या हुकमातून सुटून दुसऱ्यांच्या हुकमात जावे, यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला नव्हता.

आणि तरी त्याच देशात त्यांना ते सापडले ज्यासाठी आपण आलो असे त्यांना पुढे वाटले. लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांना आश्रय देणारे एक घर जोगिणी चालवीत असत. समाजाने ज्यांची सावली टाळावी अशा स्त्रियांना तेथे मायेने वागवलेले त्यांनी पाहिले, आणि शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेल्या संभाषणाचा अर्थ त्यांना तेथे उमगला. गोरे यांना लंडनमध्ये जे दिसले नाही, ते रमाबाईंना त्याच शहराच्या एका कोपऱ्यातल्या घरात दिसले. देश तोच होता. एकाने समाज पाहिला, दुसरीने एक घर पाहिले. मात्र वैद्यक शिकण्याचा मूळ बेत वाढत्या बहिरेपणामुळे सोडून द्यावा लागला.

१८८६ मध्ये पुन्हा जहाजाचा प्रश्न आला. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेणार होत्या, आणि त्या समारंभास रमाबाईंना आमंत्रण होते. वाँटेजच्या हितचिंतकांना हे जाणे पसंत नव्हते. शिक्षण अर्धवट, पैसा तुटपुंजा, अमेरिकेत नाना पंथ, आणि या बाईचे मन आधीच चौकस! या खेपेला शंका दुसऱ्यांच्या होत्या. रमाबाई फेब्रुवारीत निघाल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून केलेला तो प्रवास जवळजवळ तीन वर्षांचा झाला. त्यातून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये निघाला, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. अमेरिकेचे लोकजीवन त्यांनी मराठीत लिहून काढले ते याच वर्षी. आनंदीबाई मात्र तोवर राहिल्या नव्हत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला होता.

त्यानंतरचा परदेशप्रवास १८९८ चा, असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हाचा. केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली होत्या, इमारती अर्ध्या होत्या, विहिरींचे काम चालू होते. संस्था सहकाऱ्यांच्या हाती सोपवून त्या निघाल्या, आणि हिशेब देऊन, पुढची सोय लावून परत आल्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या निघण्यातली धाकधूक या प्रवासात कोठे आढळत नाही. १९०० मध्ये छप्पनच्या दुष्काळाने गुजरात होरपळली, तेव्हा केडगावची माणसे तिकडे गेली आणि तिथल्या अनाथ मुलींना घेऊन आली. त्या मुली आगगाडीतून कधी न ऐकलेल्या भाषेच्या मुलुखात उतरल्या. आपल्याला कोठे नेत आहेत, कशासाठी नेत आहेत, तेथे खायला काय घालतील, आणि मग आपल्याला काय करायला लावतील, हे प्रश्न त्यांच्याही मनात असणारच. केडगावात त्या आधी मराठी शिकल्या.